४८ टीबी, ११० व्हीएम, महापे: बॅकअपचं सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर कोणतं घ्यावं?

रॅककर | सोमवार, २०:४०

नमस्कार मंडळी. नवी मुंबईत महाप्यातल्या को-लोकेशनमधल्या, म्हणजे भाड्याच्या डेटा सेंटरमधल्या, दोन रॅकवरून लघु-मध्यम उद्योगांना होस्टिंग दिलं जातं. आता त्यांना बॅकअप ही वेगळी, लेखी हमी असलेली सेवा म्हणून द्यायची आहे. परिस्थिती अशी:

एकूण ११० व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी सर्व्हर), वापरात असलेला डेटा ४८ टीबी. त्यात ३२ टीबी साधे अ‍ॅप्लिकेशन आणि वेब सर्व्हर, ९ टीबी डेटाबेस (एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, थोडं मायएसक्यूएल), ७ टीबी फाइल सर्व्हर. रोजचा बदल सरासरी ४ टक्के, म्हणजे सुमारे २ टीबी. सध्या सगळं व्हीएमवेअर या हायपरव्हायझरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आहे, पण परवान्याचं नूतनीकरण आलं की निम्म्याहून जास्त व्हीएम प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायझरवर न्यायचे आहेत. बॅकअपची वेळ रात्री १० ते सकाळी ६. रोजच्या ३० प्रती आणि महिन्याच्या १२ प्रती ठेवायच्या. महत्त्वाच्या ग्राहकांच्या ६ टीबीसाठी आरटीओ (बिघाडानंतर सेवा परत सुरू करायची मुदत) ४ तास, बाकीच्यांना २४ तास. पुण्यात अर्धा रॅक आहे, मधली लाइन १ जीबीपीएस.

प्रश्न तीन. सॉफ्टवेअर कोणतं? तयार अप्लायन्स (सॉफ्टवेअरसकट येणारं बॅकअपचं यंत्र) घ्यावं की सर्व्हर आणि डिस्क घेऊन आपणच बांधावं? आणि टेप आजही लागते का?

सह्यकडा | सोमवार, २१:२५

सॉफ्टवेअरचं नाव शेवटी ठरवा. आधी रिस्टोरचा हिशोब मांडा, कारण ग्राहक बॅकअपचे पैसे देत नाही, डेटा परत मिळण्याचे देतो.

६ टीबी ४ तासांत म्हणजे १४,४०० सेकंदांत ६० लाख एमबी, म्हणजे सलग ४१७ एमबी प्रतिसेकंद. पण चार तास पूर्ण हातात कधीच नसतात. बिघाड कळणं, कुठल्या प्रतीवर जायचं ते ठरवणं, ग्राहकाची परवानगी, शेवटी सेवा सुरू करून तपासणं, यात दीड तास सहज जातो. उरले अडीच तास, ९,००० सेकंद. म्हणजे जवळपास ६७० एमबी प्रतिसेकंद. यासाठी १० जीबीपीएसची लाइन पुरते, पण फिरत्या डिस्क पुरतीलच असं नाही. महिनाभर इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या डेटाचे बॅकअप) साठल्यावर बॅकअपचे ब्लॉक डिस्कभर विखुरलेले असतात, आणि वाचन सलग न राहता उड्या मारत होतं. नव्या रिपॉझिटरीवर (बॅकअप साठवायच्या जागेवर) पहिल्या दिवशी मोजलेला वेग सहाव्या महिन्यात मिळत नाही. चाचणी जुन्या साखळीवरच करा.

दुसरं, सगळे ४८ टीबी एकदम परत आणायची वेळ आली तर? ५०० एमबी प्रतिसेकंद वेगाने ९६,००० सेकंद, म्हणजे २६ तास ४० मिनिटं. तुमची २४ तासांची हमी तिथेच मोडली. ८०० एमबी मिळाले तर १६ तास ४० मिनिटं. इथे अडथळा बहुतेक वेळा बॅकअप सर्व्हर नसतो, ज्या स्टोरेजवर परत लिहायचं त्याचा लेखनाचा वेग असतो. तो आधी मोजा आणि मगच करारात २४ तास लिहा.

प्रॉक्सीनाना | सोमवार, २१:५०

वरच्या हिशोबाशी पूर्ण सहमत. त्यात पुण्याची भर: ६ टीबीचे दाबून ३ टीबी झाले असं धरलं तरी १ जीबीपीएसवर प्रत्यक्षात ११० एमबी प्रतिसेकंद मिळतात. म्हणजे साडेसात तास. महापे पूर्ण बंद पडलं तर ४ तासांची हमी लाइनवरून आणून पाळता येणार नाही. त्या ६ टीबीपुरते हायपरव्हायझर पुण्यातच उभे हवेत आणि रिस्टोर तिथल्या तिथे व्हायला हवं. रोजचा फरक पाठवायला मात्र ही लाइन पुरते: २ टीबीचा दाबून १ टीबी, अडीच तास. पहिली पूर्ण प्रत २४ टीबीची, तिला लाइनवर ६० तास लागतील. ती डिस्कवर घेऊन गाडीने पुण्याला न्या.

रॅककर | सोमवार, २२:१०

२४ टीबी कुठून आले? ४८ चे निम्मे धरलेत का?

सह्यकडा | सोमवार, २२:३५

हो, दोनास एक. साध्या विंडोज-लिनक्स व्हीएमना हे प्रमाण जमून जातं. पण ग्राहकाने डेटाबेस आतूनच एन्क्रिप्ट केला असेल किंवा फाइल सर्व्हरवर व्हिडिओ आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ असतील तर काहीच दाबलं जात नाही. त्या ७ टीबीत काय आहे ते आधी बघा.

डिस्कचा हिशोब असा: पूर्ण प्रत २४ टीबी. रोज १ टीबीप्रमाणे ३० दिवसांचे ३० टीबी. एकूण ५४. दरवर्षी २५ टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी १०५. रिपॉझिटरी ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही, म्हणजे १३१ टीबी. महिन्याच्या १२ प्रती यात धरलेल्या नाहीत, त्या टेपवर टाका.

१२ बेचा (डिस्कच्या १२ खाचांचा) २यू सर्व्हर, १६ टीबीच्या ११ डिस्क रेड ६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो) आणि एक हॉट स्पेअर (आपोआप कामाला लागणारी राखीव डिस्क). ९ गुणिले १६ म्हणजे १४४ टीबी. ऑपरेटिंग सिस्टिम मागच्या बाजूच्या दोन लहान एसएसडींवर, आरशात. १६ ते २४ कोर, १२८ जीबी ईसीसी मेमरी, २५ जीचे दोन पोर्ट. रेड कार्डाच्या कॅशला बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर हवाच, नाहीतर राइट-बॅक बंद पडतं आणि रेड ६ चं लेखन रखडतं.

रेड ५ चा (एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या रचनेचा) विचारही करू नका. १६ टीबीची डिस्क २०० एमबी प्रतिसेकंदाने पुन्हा बांधायला आदर्श स्थितीत २२ तास, चालू कामात दोन-तीन दिवस. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली किंवा एखादा सेक्टर वाचता आला नाही तर सगळं संपलं. आणि खरेदीच्या ऑर्डरवर सीएमआर (पट्ट्या सुट्या ठेवून लिहिणारी डिस्क) असं स्पष्ट लिहून घ्या. एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) डिस्क रिकाम्या असताना छान चालतात आणि रीबिल्डच्या वेळी इतक्या मंदावतात की कार्ड त्यांना मेलेल्या समजून बाहेर काढतं.

त्या ६ टीबीसाठी वेगळा एसएसडीचा थर ठेवा. ३ टीबी पूर्ण प्रत, डेटाबेस जास्त म्हणून रोज १० टक्के बदल धरला तर सात दिवसांचे २.१ टीबी. म्हणजे ३.८४ टीबीच्या चार एनव्हीएमई (जलद एसएसडी), रेड १० मध्ये (आरशातल्या जोड्यांत) ७.६८ टीबी. वीज गेल्यावर लेखन सांभाळणाऱ्या एंटरप्राइझ दर्जाच्याच घ्या. बॅकअपमधूनच व्हीएम थेट चालू करायची सोय सगळी सॉफ्टवेअरं दाखवतात, पण फिरत्या डिस्कवर एकाच वेळी दहा डेटाबेस सर्व्हर असे चालू केले तर लॉगिनची खिडकी यायलाच पंधरा मिनिटं लागतात.

खिडकीवाला | मंगळवार, ०९:१५

सगळं स्वतः बांधायचा सल्ला सरसकट नको. डेल पॉवरप्रोटेक्ट डीडी किंवा एचपीईचं स्टोअरवन्स घेतलं तर डीड्यूप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच ठेवणं) चांगलं होतं, रिप्लिकेशनला लाइन कमी लागते आणि रात्री दोन वाजता डिस्क गेली तर एकाच कंपनीला फोन करायचा. दोन माणसांच्या टीमला याची किंमत आहे.

टेपमित्र | मंगळवार, ०९:५०

@खिडकीवाला, सपोर्टचा मुद्दा रास्त. पण डीड्यूप अप्लायन्समधून परत वाचताना तुकडे जोडून मूळ डेटा उभा करावा लागतो, आणि तिथेच वेग पडतो. ४ तासांचा आरटीओ असलेला डेटा फक्त अशा अप्लायन्सवर ठेवणं चुकीचं. पुढे जलद डिस्क, मागे अप्लायन्स अशी रचना चालते. एक्साग्रिडने तर हेच डोक्यात धरून ताजी प्रत डीड्यूप न करता वेगळ्या भागात ठेवायची पद्धत आणली. आणि डिस्कवर ३० दिवसच ठेवायची गरज असताना अप्लायन्सचा फायदा फारसा वसूल होत नाही. ९०-१८० दिवस डिस्कवरच ठेवायचे असते तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

विक्रेता वीसास एक, तीसास एक असे आकडे दाखवेल. ते प्रमाण रोज पूर्ण बॅकअप घेतला असं गृहीत धरून काढलेलं असतं. तुम्ही इन्क्रिमेंटलच घेणार, मग ते लागू नाही. तुमच्याच ५ टीबीवर महिनाभर चाचणी करून द्या म्हणावं.

प्रॉक्सीनाना | मंगळवार, ११:०५

आता सॉफ्टवेअर. संक्रमणाच्या काळात दोन्ही हायपरव्हायझर सांभाळायचे आहेत, त्यामुळे निवड आपोआप आखडते.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर उत्तम आहे, मुक्तस्रोत आहे, पण व्हीएमवेअरचे बॅकअप तो घेत नाही. वीम दोन्हीकडचे घेतं, प्रॉक्समॉक्सचा आधार २०२४ मध्ये १२.२ आवृत्तीत आला. कॉमव्हॉल्ट आणि नेटबॅकअप तुमच्या आकारमानाला जड, ती चालवायला त्यातला माणूस लागतो. बॅरिओस किंवा बॅक्युला टेपवर भक्कम, पण व्हीएम पातळीवरचं झटपट रिस्टोर हा त्यांचा गाभा नाही.

परवान्याकडे नीट बघा. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या परवान्यावर दुसऱ्या कंपन्यांना सेवा विकता येत नाही, तुम्हाला सेवापुरवठादाराचा मासिक भाड्याचा करार लागेल. मोजणी कशावर आहे तेही बघा, वर्कलोडवर, सॉकेटवर की मूळ डेटाच्या टीबीवर. वीममध्ये फाइल शेअर म्हणून बॅकअप घेतला तर दर ५०० जीबीला एक परवाना जातो, तोच फाइल सर्व्हर व्हीएम म्हणून घेतला तर एकच. ७ टीबीवर हा १४ आणि १ चा फरक आहे.

माझं मत: आज वीम. व्हीएम जसजसे प्रॉक्समॉक्सवर जातील तसतसे त्यांना प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर न्या आणि वीमचे परवाने कमी करत जा.

रॅककर | मंगळवार, ११:४०

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरला वरचाच ११ डिस्कचा रेड ६ चालेल का?

प्रॉक्सीनाना | मंगळवार, १२:३०

चालेल, पण रडतखडत. कारण समजून घ्या.

तो व्हीएमची डिस्क ४ एमआयबीच्या ठरावीक तुकड्यांत कापतो, प्रत्येकाचा एसएचए-२५६ (ओळख पटवणारा ठसा) काढतो, झेडस्टँडर्डने दाबतो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र फाइल म्हणून ठेवतो. दाबून सरासरी २ एमबी झाले असं धरलं तर २४ टीबीच्या १.२ कोटी फाइल. गार्बेज कलेक्शन (नको झालेले तुकडे काढणं) दोन टप्प्यांत चालतं. आधी सगळे इंडेक्स वाचून वापरातल्या प्रत्येक फाइलच्या वाचनवेळेवर खूण करायची, मग खूण नसलेल्या आणि २४ तास ५ मिनिटांहून जुन्या फाइल काढायच्या. म्हणजे कोटींच्या घरात लहान लहान मेटाडेटा ऑपरेशन. फिरत्या डिस्कवर हे काम दिवसभर रेंगाळतं आणि रात्रीच्या बॅकअपवर आदळतं.

उपाय: झेडएफएस (डिस्कचे गटही स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टिम), आणि मेटाडेटासाठी एसएसडीचं स्पेशल डिव्हाइस. १२ डिस्कचा एकच गट करू नका, त्याची यादृच्छिक वाचनाची क्षमता एका डिस्कएवढीच राहते. सहा-सहाचे दोन रेड-झेड २ (झेडएफएसचं रेड ६) गट करा. जागा कमी मिळेल, १२८ टीबी, पण रिस्टोर आणि पडताळणी दोन्ही सुधारतील. स्पेशल डिव्हाइस १.९२ टीबीच्या दोन एसएसडींवर आरशातच हवं. ते गेलं की पूर्ण पूल गेला, ते कॅश नाही. आणि झेडएफएसखाली रेड कार्ड नको, साधं एचबीए (डिस्क थेट जोडणारं कार्ड) घ्या.

अजून दोन गोष्टी लोकांना उशिरा कळतात. बदललेल्या ब्लॉकची नोंद क्यूईएमयूच्या (प्रॉक्समॉक्समधल्या व्हीएम चालवणाऱ्या इंजिनाच्या) प्रक्रियेत असते. व्हीएम पूर्ण बंद करून चालू केला की नोंद गेली, आणि पुढचा बॅकअप सगळी डिस्क वाचतो. लाइनवर फक्त नवे तुकडे जातात, पण स्टोरेजवर वाचनाचा भार पडतो. महिन्याच्या पॅचिंगनंतरची रात्र याचमुळे लांबते. दुसरं, बॅकअप चालू असताना व्हीएमने एखाद्या ब्लॉकवर लिहायचं ठरवलं तर जुना ब्लॉक आधी बॅकअपकडे जातो. बॅकअप सर्व्हर किंवा लाइन मंद असेल तर ग्राहकाचं लेखनच अडकतं, आणि तो 'रात्री सर्व्हर हँग होतो' अशी तक्रार करतो. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून फ्लीसिंगची (जुने ब्लॉक तात्पुरते दुसरीकडे ठेवायची) सोय आहे, ती स्थानिक एसएसडीवर चालू करा.

लालबावटा_सिक्युरिटी | मंगळवार, १४:१०

रॅन्समवेअरबद्दल कोणीच बोललं नाही अजून. आजकाल हल्लेखोर आधी बॅकअप शोधतो, मग एन्क्रिप्शन सुरू करतो.

वीम घेत असाल तर हार्डन्ड रिपॉझिटरी (मुदतीआधी पुसता न येणारी साठवण) लिनक्सवर करा. एक्सएफएस (लिनक्सची फाइल सिस्टिम) बनवताना ब्लॉक ४०९६ बाइटचा, रीफ्लिंक (तोच ब्लॉक अनेक फाइलना वापरू देणं) आणि सीआरसी (चेकसम) चालू. रीफ्लिंकमुळे आठवड्याची सिंथेटिक (आधीचे बॅकअप जोडून बनवलेली) पूर्ण प्रत नवी जागा जवळजवळ घेत नाही. सर्व्हर जोडताना एकदाच वापरायचे क्रेडेन्शियल द्या, जोडून झालं की त्या खात्याचा सुडो (वरचे अधिकार) काढा आणि एसएसएच (दुरून लॉगिन) बंद करा. फाइलना अपरिवर्तनीय खूण लागते, ठरवलेले दिवस संपेपर्यंत बॅकअप सर्व्हरच्या अ‍ॅडमिनलाही त्या पुसता येत नाहीत. किमान ७ दिवस असतात, तुम्ही ३० ठेवा.

पण हे सगळं एका ठिकाणी उघडं पडतं: आयड्रॅक किंवा आयएलओ (सर्व्हर दुरून हाताळायची अंगभूत सोय). मॅनेजमेंट पोर्टच्या कन्सोलवरून रेड व्हॉल्यूमच पुसता येतो, तिथे फाइलवरची खूण काय करणार? त्या सर्व्हरचा मॅनेजमेंट पोर्ट रोजच्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) नको. वेगळ्या, एरवी बंद ठेवलेल्या पोर्टवर असू द्या, गरज पडली की को-लोकेशनच्या माणसाकडून केबल लावून घ्या. घड्याळही बघा. वेळ पुढे ढकलून मुदत संपल्याचं भासवता येतं, म्हणून एनटीपीचे (घड्याळ जुळवणाऱ्या सेवेचे) एकाहून जास्त स्रोत द्या.

बॅकअप सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (विंडोजची खाती सांभाळणाऱ्या यंत्रणेला) जोडू नका. डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड गेला की बॅकअपही जातो.

एक इशारा. मासिक-वार्षिक प्रती त्याच रिपॉझिटरीत ठेवल्या तर त्या आपल्या पूर्ण मुदतीपर्यंत कुलूपबंद होतात. चुकून १ च्या जागी १० वर्षं टाकली तर जागा मोकळी करायचा रस्ता नाही. डिस्क भरली की नवी डिस्क आणणं एवढाच उपाय. म्हणूनही महिन्याच्या प्रती टेपवर बऱ्या.

प्रॉक्सीनाना | मंगळवार, १४:४५

+१. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर हेच दुसऱ्या तऱ्हेने साधतं. प्रत्येक ग्राहकाला वेगळी नेमस्पेस आणि वेगळा एपीआय टोकन, त्याला फक्त 'डेटास्टोअर बॅकअप' ही भूमिका. या भूमिकेत आपला बॅकअप घेता येतो आणि परत आणता येतो, पुसता येत नाही. जुन्या प्रती काढायचं काम सर्व्हरवरच्या प्रून जॉबने करायचं. पुण्याचा सर्व्हर महाप्यातून खेचून घेतो असं ठेवा. महाप्याकडे पुण्याचा पासवर्ड असायलाच नको. सिंक जॉबमध्ये 'तिथून गायब झालेलं इथूनही काढा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर महाप्यात पुसलेलं दुसऱ्या दिवशी पुण्यातूनही जाईल.

एसक्यूएलताई | मंगळवार, १६:२०

९ टीबी डेटाबेसचं फक्त व्हीएम स्नॅपशॉटवर भागणार नाही. २४ तासांचा डेटा गमावणं एकाही हिशोबनीस ग्राहकाला चालत नाही. इथे आरपीओ (किती वेळाचा डेटा गमावलेला चालेल ती मर्यादा) स्वतंत्र ठरवा.

एसक्यूएल सर्व्हर: व्हीएसएसमधून (विंडोजच्या स्नॅपशॉट सेवेतून) पूर्ण बॅकअप आणि दर १५ मिनिटांनी लॉग (व्यवहारांची नोंद). इथली नेहमीची गफलत म्हणजे ग्राहकाच्या माणसाने आतमध्ये आपला मेंटेनन्स प्लॅनही चालू ठेवलेला असतो. दोघं लॉग घेतात, साखळीचे अर्धे तुकडे तुमच्याकडे आणि अर्धे त्याच्या डी ड्राइव्हवर. रिस्टोरच्या दिवशी १४:१५ चा लॉग सापडत नाही. सेवा सुरू करतानाच लॉग कोण घेणार ते लेखी ठरवा, दुसऱ्याने फक्त कॉपी-ओन्ली (साखळीला हात न लावणारी) पूर्ण प्रत घ्यावी. व्हीएसएसला लेखन थोपवून स्नॅपशॉट पूर्ण करायला १० सेकंद मिळतात. रात्री दहाच्या ठोक्याला ११० व्हीएम एकदम सुरू केले तर स्टोरेज गुदमरतं आणि डेटाबेसवाले व्हीएमच आधी टाइमआउट होतात. डेटाबेस सर्व्हर १० ते ११ दरम्यान चार-चारच्या गटात घ्या, वेब सर्व्हर नंतर.

पोस्टग्रेस: पीजीबॅकरेस्ट हे साधन, डब्ल्यूएएल (बदलांच्या नोंदींच्या फाइल) आर्काइव्हिंगसह. आर्काइव्हिंग काही कारणाने अडलं तर डब्ल्यूएएल फाइल डेटाबेसच्याच डिस्कवर साठत जातात, डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो. म्हणजे बॅकअपच्या बिघाडाने चालू सेवा पडते. त्या फोल्डरच्या आकारावर आणि शेवटच्या यशस्वी आर्काइव्हच्या वेळेवर अलर्ट लावा. आणि डब्ल्यूएएल फोल्डर वेगळ्या डिस्कवर ठेवा.

मायएसक्यूएल: एक्स्ट्राबॅकअप या बॅकअप साधनाची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळावी लागते. ८.० चं एक्स्ट्राबॅकअप ८.४ सर्व्हरवर चालत नाही. ग्राहकाने सर्व्हर अपग्रेड केला की जॉब पडतो.

रॅककर | मंगळवार, १७:०५

लॉगचा मुद्दा करारातच घालतो. टेपबद्दल सांगा आता. महिन्याच्या १२ प्रतींसाठी क्लाउडमधलं ऑब्जेक्ट स्टोरेज का नको?

टेपमित्र | मंगळवार, १९:३०

ऑब्जेक्ट स्टोरेज चालतं, पण दोन गोष्टी तपासा. ऑब्जेक्ट लॉक (मुदतीआधी पुसू न देणारं कुलूप) कम्प्लायन्स मोडमध्ये हवा, गव्हर्नन्स मोडमध्ये विशेष अधिकार असलेला वापरकर्ता कुलूप काढू शकतो. आणि परत आणण्याचा खर्च: ठेवण्याचा दर स्वस्त दिसतो, २४ टीबी बाहेर काढताना डेटा बाहेर नेण्याचं बिल येतं. शिवाय तुमच्या १ जीबीपीएसवर तेच ६० तास.

टेपचा हिशोब. एलटीओ-९ ची (एलटीओ टेपच्या नवव्या पिढीची) क्षमता १८ टीबी. खोक्यावरचा ४५ टीबीचा आकडा दाबलेल्या डेटाचा आहे आणि तुमचा डेटा आधीच दाबलेला आहे, तो विसरा. २४ टीबीला दोन टेप, बारा महिन्यांच्या २४. दोन संच ठेवणार असाल तर ४८. दोन क्लीनिंग कार्ट्रिज.

हाफ-हाइट एसएएस ड्राइव्ह ३०० एमबी प्रतिसेकंदाने लिहितो, म्हणजे २४ टीबीला २२ तास. शनिवार-रविवारात बसतं. तेवढ्या वेगाने डेटा सलग पुरवला पाहिजे. पुरवठा ड्राइव्हच्या किमान वेगाखाली गेला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. वेळ तर जातोच, टेप आणि हेडही झिजतात. म्हणून टेपचं काम रात्रीच्या बॅकअपशी कधीही एकत्र ठेवू नका. ड्राइव्ह रेड कार्डाला जोडू नका, वेगळं एसएएस एचबीए आणि एसएफएफ-८६४४ ची केबल. एलटीओ-९ ड्राइव्ह एलटीओ-८ च्या टेप वाचतो-लिहितो, एलटीओ-७ च्या नाही. २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० मागच्या कुठल्याच पिढीच्या टेप घेत नाही, त्यामुळे पुढे तिकडे जायचं झालं तरी हा ड्राइव्ह टेपची मुदत संपेपर्यंत सांभाळावा लागेल.

एन्क्रिप्शन चालू करा, ग्राहकांचा डेटा गाडीतून जाणार आहे. चावी त्याच बॅकअप सर्व्हरवर एकुलती ठेवू नका. सर्व्हर जळाला तर टेप शाबूत आणि निरुपयोगी. चावी कागदावर छापून बंद पाकिटात, दोन वेगळ्या जागी.

लालबावटा_सिक्युरिटी | मंगळवार, २०:१५

जागा वेगळी म्हणजे किती वेगळी, हेही ठरवा. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एसबीजी२ डेटा सेंटर जळालं तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हचा ८५८ टीबी डेटा गेला. आकार फार मोठा म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. दुसऱ्या हॉलमधली किंवा शेजारच्या इमारतीतली प्रत दुसरी जागा म्हणून धरू नका.

महापे-पुणे अंतर पूर आणि आगीसाठी पुरेसं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा महाप्याला जायचे रस्तेच बंद होते असं समजून योजना करा: तीन दिवस कोणी माणूस रॅकपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून टेपचा दुसरा संच महाप्यात नको. नागपूर किंवा हैदराबादला ठेवता आला तर उत्तम.

नियमांचंही बघा. कंपनी कायद्याखालच्या लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. तुमच्या ग्राहकांच्या लेखापरीक्षकांचा हा प्रश्न येणारच, रोजच्या जॉबचा अहवाल ग्राहकाला आपोआप जाईल असं करा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे आणि घटना सहा तासांत कळवायची. बॅकअप सर्व्हरचे स्वतःचे लॉगही यात धरा आणि ते दुसऱ्या मशीनवर पाठवत राहा.

खिडकीवाला | बुधवार, १०:००

रिस्टोर चाचणीची वारंवारिता किती धरता? आमच्याकडे 'जॉब हिरवा म्हणजे बॅकअप ठीक' असं मानणारे बरेच आहेत.

सह्यकडा | बुधवार, ११:१०

हिरवा जॉब म्हणजे फाइल लिहिली गेली, एवढंच.

तीन पातळ्या ठेवा. आठवड्याला चेकसमची पडताळणी, प्रॉक्समॉक्सकडे व्हेरिफाय जॉब, वीमकडे हेल्थ चेक. ही डिस्कवरची सडलेली बिटं पकडते. महिन्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये दहा व्हीएम प्रत्यक्ष चालू करणं. क्रम महत्त्वाचा: आधी डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, मग डेटाबेस, मग अ‍ॅप. त्या व्हीलॅनला बाहेरचा रस्ता नको, नाहीतर चाचणीतला मेल सर्व्हर खरे मेल पाठवायला लागतो आणि चाचणीतला बिलिंग सर्व्हर एसएमएस. एसक्यूएल सर्व्हरवर चेकडीबी (डेटाबेस तपासणारी आज्ञा) चालवा, व्हीएम सुरू झाला म्हणजे डेटाबेस धड आहे असं नाही. तिमाहीला एकदा एक पूर्ण ग्राहक पुण्यात, टेपवरून आणि घड्याळ लावून. टेपवरचं बऱ्याचदा आधी डिस्कवर उतरवावं लागतं, तेव्हा पुण्यात तेवढी जागा रिकामी आहे का तेही याच वेळी कळतं.

आणि बॅकअपमधून नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी: फायरवॉल आणि स्विचचं कॉन्फिगरेशन, हायपरव्हायझरची सेटिंग, बॅकअप सर्व्हरचा स्वतःचा कॉन्फिगरेशन बॅकअप आणि त्याचा पासवर्ड. महापे गेलं तर पुण्यात नेटवर्क उभं करताना व्हीलॅनचे नंबर कोणाला पाठ असणार?

रॅककर | बुधवार, १८:२०

सगळ्यांचे आभार. यादी अशी धरतोय: महाप्यात वीम, १२ बेचा एक्सएफएस हार्डन्ड सर्व्हर, चार एनव्हीएमईचा वेगळा थर, हाफ-हाइट एलटीओ-९ आणि २६ टेपने सुरुवात, दुसरा संच पुढच्या तिमाहीत. पुण्यात ६ टीबीपुरते दोन हायपरव्हायझर आणि सहा-सहाच्या रेड-झेड २ वर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. वीमची पुण्यातली प्रत कुठे ठेवू? त्याच झेडएफएसवर?

प्रॉक्सीनाना | बुधवार, १८:५५

नको. वीमचा फास्ट क्लोन (रीफ्लिंक वापरून प्रत बनवणं) एक्सएफएसवर तपासलेला आहे, झेडएफएसवर त्याचा भरवसा धरू नका. फास्ट क्लोन नसला की दर आठवड्याची सिंथेटिक प्रत खरीखुरी २४ टीबी खाईल. पुण्यात सुरुवातीला दुसरा लहान सर्व्हर एक्सएफएसचा ठेवा, १६ टीबीच्या सहा डिस्क रेड ६ मध्ये, ६४ टीबी. पुण्यात १४ दिवसच ठेवलेत तर २४ आणि १४ मिळून ३८, पुरेसं आहे. व्हीएम प्रॉक्समॉक्सवर सरकले की यातल्या डिस्क मोकळ्या होतील, तोपर्यंत प्रॉक्समॉक्सच्या पूलमध्ये सहा डिस्कचा एकच गट घेऊन सुरू करा आणि दुसरा गट नंतर जोडा. नंतर जोडलेल्या गटावर जुना डेटा आपोआप पसरत नाही, एवढं लक्षात असू द्या.

टेपमित्र | बुधवार, १९:४०

टेप आल्या की लगेच जॉब लावू नका. एलटीओ-९ ची प्रत्येक नवी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिचं मोजमाप करतो, सरासरी ४० मिनिटं, कधी दोन तासांपर्यंत. ही टेप ज्या खोलीत वापरायची तिथेच २४ तास उघडी ठेवून मग करा. सव्वीस टेपचं हे काम पहिल्या शनिवारी बॅकअपच्या मध्ये सुरू झालं तर जॉब टाइमआउट होईल. आधीच, रोज चार-पाच करून उरका. मोजमाप चालू असताना टेप बाहेर काढू नका. बारकोडची लेबलं घालण्याआधीच लावा, हाताने लिहिलेले कागद चिकटवू नका, ते ड्राइव्हमध्ये सुटतात. साठवणुकीला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. जूनमध्ये ऑफिसचा एसी रात्री बंद होत असेल तर ऑफिसचं कपाट बाद. क्लीनिंग कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालतं, आणि ते ड्राइव्हने मागितलं तरच वापरायचं.